दिवस मावळायच्या आत, इक्वेडोरात

आमच्या कामिनीबद्दल मला कुणी विचारलंच, तर मग नीट बसावं लागतं, चहा घ्यावा लागतो आणि शेवटपर्यंत ऐकावं लागतं. अर्धं ऐकून उठणारी माणसं मला चालत नाहीत, आधीच सांगून ठेवते.

मी रूपकंवर. नंदुरबारच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान आहे. आमच्या शेठचं नाव मी घेत नाही, आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत अमृतलाल असं लिहिलंय, तेवढं तुम्हीच वाचून घ्या. माणूस सोन्यासारखा, पण राग नाकाच्या शेंड्यावर. आणि कौतुक करायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटते. मुलगा अभिनंदन सीए झाला तेव्हा म्हणाले, "बरं झालं." एवढंच. पेढे मी वाटले.

तर कामिनी. कामिनी गिरधर पाटील. शहाद्याच्या पलीकडे तापीकाठी गाव आहे, तिथल्या गुजर शेतकऱ्याची पोरगी. गिरधरभाऊंची केळी आहे, त्यांच्या वडिलांचीही होती. त्या घरात इक्वेडोर हा शब्द रोज निघायचा. का, तर केळीचा भाव पाडायचा असला की व्यापारी म्हणायचा, "जगात काय केळी कमी आहेत का पाटील? तिकडे इक्वेडोरात बघा, जहाजं भरभरून जातात." गिरधरभाऊ घरी येऊन इक्वेडोरवाल्यांना अशा शिव्या घालायचे, जसा बांधाला बांध लागलेला भाऊबंदच. पोरीनं शाळेच्या नकाशात तो देश शोधून काढला. एवढासा, समुद्राला चिकटलेला. तेव्हाच म्हणे तिनं ठरवलं, की हा आपला वैरी एकदा डोळ्यांनी बघायचा.

आणि बघितला की हो! शहाद्याला बीए केलं, सुरतेला एका टूरवाल्याकडे लागली, लोकांना दुबई-सिंगापूर फिरवून आणलं. मग एकदा एक गट घेऊन इक्वेडोरला गेली. ती कासवांची बेटं आहेत ना गालापागोसची, सगळं जग तिथंच जातं, तिथंच. गट परत आला. कामिनी आली नाही. रजा टाकून एकटी त्या देशात हिंडली. कुठं डोंगरावरची तळी, कुठं दगडाचं जंगल. बस मिळाली तर बसनं, नाही तर केळीच्या ट्रकमध्ये पुढे बसून. गावात नुसती कुजबुज. एकटी बाई, परका मुलूख, अगं बाई, अगं बाई! गिरधरभाऊंनी महिनाभर अबोला धरला.

परत आली ती सुरतेची नोकरी सोडूनच. म्हणाली, जिथं कुणी नेत नाही तिथं मी आपल्या लोकांना नेणार. शहाद्यात कुणी जागा देईना. पाटलांचं घर आमचं जुनं गिऱ्हाईक, आणि आमच्या दुकानाच्या वरची खोली रिकामी होती. मी शेठना न विचारता तिला किल्ली दिली. मग घरात काय झालं ते सांगत नाही, पण खोली राहिली. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर नकाशा. पाटी मात्र शेठनी बाहेर लावू दिली नाही. "दुकानाच्या डोक्यावर दुसऱ्याची पाटी? हे धर्मशाळा नाही." बिचारीनं ती जिन्याच्या आत लावली. ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच दिसेल अशी.

पहिली परदेशाची टूर ठरवायची होती, आणि कामिनीनं इक्वेडोरच धरून ठेवलं. बाजारातले आमचेच लोक, चार जैन घरं आणि दोन गुजर जोडपी. शेठ म्हणाले, "स्वित्झर्लंडला काय धाड भरली? तिथं जैन जेवण मिळतं, बर्फ मिळतो, ओळखीचे लोक भेटतात. इक्वेडोरात आम्ही खाणार काय?"

कामिनीनं शांतपणे विचारलं, "शेठकाका, काकी बटाटा करत नाहीत. मग भाजीत बटाट्याच्या जागी काय टाकतात?"

"कच्चं केळं."

"तिथं तो सगळा देश कच्च्या केळ्यावर जेवतो. सकाळी केळं, दुपारी केळं. तुमच्याइतकी सोय कुणाची नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी तिथंच जाहीर केलं, की मी जाणार, कुणी सोबत आलं तर ठीक, नाही तर एकटी. दुसऱ्या दिवशी शेठनी पासपोर्ट काढायला फोटो काढून घेतला. फोटोतही कपाळाला आठी.

निघायच्या आधी गिरधरभाऊ दुकानात आले होते. पोरीला म्हणाले, "हाई एक वार करी ले. लोके नाव ठेवतीन तर टेबल-खुर्ची टेम्पोमा टाकीसन घर चाल. मंग मन्हा मळा शे अन् तू शे." कामिनीनं मान हलवून होकार दिला. हे सगळ्यांसमोर बोलणं झालं, म्हणून ते आता साऱ्या बाजाराचं झालं. टूर नीट झाली तर खोली. नाही तर टेम्पो.

आणि पहिल्याच दिवशी घोळ!

आमचा चौविहार असतो. सूर्य मावळला की अन्न नाही, पाणीही नाही. नंदुरबारात आमच्या स्वयंपाकघरात जैन संघाचं कॅलेंडर टांगलेलं असतं, त्यात रोजचा सूर्यास्त छापलेला. मे महिन्यात आपल्याकडे सात वाजून गेले तरी ऊन असतं. ते कॅलेंडर मी घडी करून पर्समध्ये घातलं होतं, आमच्यातल्या बाकीच्या बायकांनीही घातलं होतं, आणि कामिनीनं त्यावरूनच रोजची जेवणं साडेसहाला लावली होती; ती एकटी हिंडली तेव्हा तिला काही सूर्य बघून जेवायचं नव्हतं. क्वेंका नावाच्या डोंगरातल्या शहरात पोहोचलो, घड्याळं तिथल्या वेळेला लावली. सूर्य मात्र नंदुरबारचाच धरला!

तिथं विषुववृत्त जवळ. उन्हाळा नाही, हिवाळा नाही, बारा महिने सहाच्या सुमाराला दिवस संपतो. साडेसहाच्या आधीच आम्ही हॉटेलच्या गच्चीवर पाटावर बसावं तसं रांगेत बसलोय, ताटं वाढलेली, डाळीला वाफ, केळ्याच्या भाजीला कोथिंबीर. शेठनी हात जोडले, डोळे उघडले, आणि डोंगरामागं ऊन गेलेलं. एका ओळीत सगळ्यांचे हात ताटावरून मागं आले. गुजर जोडप्यांना चालत होतं, पण त्यांनाही घास गिळवेना.

शेठना साखरेचा त्रास आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, उपाशी राहायचं नाही. पण नेम मोडतील तर ते शेठ कसले? त्यांचे हात थरथरायला लागले. मी म्हटलं, "औषध म्हणून दोन घास घ्या." त्यांनी ताटच पुढं सरकवलं. आणि मग त्यांनी काय करावं? फोन काढला. तिथं संध्याकाळ म्हणजे आपल्याकडे पहाट. थेट गिरधरभाऊंना लावला, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. "पाटील, आम्ही परत येऊ त्याच्या पुढच्या रविवारी टेम्पो घेऊन या. वरची खोली रिकामी करून न्या." ठेवला फोन.

कामिनी समोरच उभी होती. रडली नाही, कॅलेंडरवर ढकललं नाही, आमच्यावर ढकललं नाही. म्हणाली, "चूक माझी आहे. सगळं विचारलं, सूर्य विचारायचा राहिला." आणि भरलेली ताटं एकेक करून स्वतः उचलली. मला तिचा इतका अभिमान वाटला आणि शेठचा इतका राग आला, की कुठलं आधी वाटलं ते सांगता येत नाही.

सकाळी शेठनी दूध घेतलं, मग रंग आला चेहऱ्यावर. कामिनीनं सगळा दिवस उलटा बांधला होता. उजाडताच निघायचं, मुख्य जेवण चारला, आणि बसच्या मागे एक पेटी कायमची. तिच्यात कढई, तेल, कणीक, मीठ, जिरं, तिखट. म्हणाली, "आजपासून जेवण सूर्याच्या पुढं चालेल."

त्या दिवशी काहासच्या डोंगरावर गेलो. उंच, अगदी उंच. झाड संपतं, मग पिवळट गवत, आणि त्या गवतात जिकडं बघाल तिकडं तळी. काळी, हिरवी, रुपेरी. आवाज म्हणून नाही. अशा ठिकाणी एकच झाड उगवतं, वाकडं, आणि त्याची साल कागदासारखी पापुद्रे सुटून लोंबते, लाल लाल. शेठ सगळ्यांच्या मागं, कुणाशी न बोलता चालत होते. मी वळून पाहिलं तर उभे राहिलेत आणि एक लोंबता पापुद्रा अंगठा आणि बोटात धरून चोळतायत, जसं दुकानात ताग्याचं टोक चोळतात. मी म्हटलं, काय? म्हणाले, "मलमल आहे." मग माझ्याकडे बघितलं आणि लगेच आठी घातली. पण कामिनीनं ते पाहिलं होतं. मला डोळा मारला पोरीनं!

असेच दिवस गेले. रोज चारला गरम जेवण, कधी तळ्याकाठी, कधी बसच्या सावलीत. बाकीचे लोक खूश. शेठ जेवायचे, पण टेम्पोबद्दल अवाक्षर नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, "शब्द दिलाय पाटलांना." आता या माणसाला काय म्हणावं?

मग पुयांगो. त्यासाठी खाली उतरून माचालाला मुक्काम केला. ते केळीचं गाव, समुद्राजवळचं. तिथून पहाटे निघून दगडाच्या जंगलात. कामिनी म्हणाली होती, दुपारपर्यंत परत येऊ, म्हणून खाखऱ्याचे डबे सगळ्यांनी हॉटेलातच ठेवले. ओझं कशाला? मारवाडी माणूस खाखऱ्याशिवाय घराबाहेर पडला, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

पण जंगल! काय सांगू तुम्हाला. झाडं आडवी पडलेली आहेत, देवळाचे खांब पडावेत तशी. हात लावावा तर दगड. सालीच्या रेघा आहेत, गाठी आहेत, आतले वेढे आहेत, पण सगळं दगड. दहा कोटी वर्षांपूर्वीची म्हणतात. त्यांच्यामधून जिवंत झाडं वर गेलीत आणि फुलपाखरं उडतायत. शेजारून नदी वाहते. त्या दिवशी तिथं आम्ही सोडून बघायला कुणीही नाही. ना रांग, ना धक्काबुक्की, ना फोटोवाले. माझ्या पायाखाली पानं वाजत होती आणि मला वाटलं, रूपकंवर, तू नंदुरबारच्या गल्ल्यामागून उठून इथं उभी आहेस. डोळे भरले माझे. कामिनीचा हात धरून तशीच उभी राहिले थोडा वेळ.

परतताना दरड कोसळलेली. रस्ता बंद. पुढं ट्रक, मागं ट्रक. चार तिथंच वाजून गेले. मागच्या पेटीत कणीक होती, पण त्या कड्याखाली चूल कुठं मांडणार? पोलीस कुणाला खालीही उतरू देईनात. शेठ डोळे मिटून नवकार मंत्र म्हणत बसले. कपाळावर घाम. मी त्यांचा हात धरला, तो गार. सगळ्यांना तीच पहिली संध्याकाळ आठवत होती, आणि सगळ्यांना टेम्पो आठवत होता.

रस्ता सुटला तेव्हा उन्हाला पिवळेपणा आला होता. माचाला अजून लांब. कामिनी ड्रायव्हरच्या शेजारी उभी राहून एकदा घड्याळ आणि चार वेळा आभाळ बघत होती. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागल्या, घडांवर निळ्या पिशव्या, अगदी आपल्या तापीकाठासारखं. एकाएकी ओरडली, "थांबव! आत घे!"

आत एक फाटक, त्यामागं पत्र्याची शेड, जिथं केळी धुऊन खोक्यात भरतात. फाटकात एक दांडगी बाई उभी, मार्ता तिचं नाव, ते मागाहून कळलं. ती काही दार उघडेना. अनोळखी बस, अनोळखी माणसं, तिचंही बरोबरच होतं. कामिनीची स्पॅनिश मोबाइलवर शिकलेली, घाईत त्यात अर्धी अहिराणी शिरते. बाई मान हलवतेय, नाही, नाही. ऊन पानांच्या वर चढलं.

मग कामिनीनं बोलणं बंद केलं. मोबाइल काढला आणि एक फोटो फाटकाच्या गजांमधून पुढं धरला. गिरधरभाऊ! डोक्याला रुमाल, खांद्याला टेकलेला घड, मागं त्यांचा मळा. छातीवर हात ठेवून म्हणाली, "पापा. मी पापा." त्यांच्या भाषेत 'मी' म्हणजे माझे; माझे वडील, हे तिला म्हणायचं होतं. मार्तानं फोटो जवळ घेतला. बोटांनी मोठा केला. गिरधरभाऊंच्या तोंडाकडे नाहीच बघितलं तिनं, घडाकडे बघितलं! फण्या मोजल्या, मान डोलावली, आणि काहीतरी बोलून मोठ्यानं हसली. फाटक उघडलं.

पुढचं सगळं धावपळीत. मार्ताची चूल, आमची कढई, आमचं तेल. कामिनीनं हाताला तेल चोळलं आणि हिरवी केळी अशी सोलली, की मार्तासुद्धा थांबून बघायला लागली. मार्तानं तिला तिकडची रीत दाखवली. जाड काप तळायचे, लाकडी फळीनं दाबून चपटे करायचे, परत तळायचे. मी पुऱ्या लाटल्या, सत्तरीला आलेल्या गुडघ्यांनी, उकिडवी बसून. केळी भरायच्या खोक्यांचे पुठ्ठे अंथरून लोक बसले. शेठच्या पुढ्यात पहिली पुरी, पहिले काप, वर मीठ, तिखट, जिरं. शेठनी आभाळाकडे पाहिलं. ऊन अजून होतं, केळीच्या शेंड्यांवर, पण होतं.

जेवले. पोटभर जेवले हो! पाणी प्याले, हात जोडून नेम घेतला. आणि मग सावकाश, आमच्या देखत, दिवस मावळला. कामिनी भिंतीला टेकून उभी होती, हात तेलानं आणि चिकानं काळे. तिनं विचारलं, "शेठकाका, बरं झालं ना?"

शेठ म्हणाले, "तिखट जरा जास्त होतं."

मला वाटलं, ती फळी घेऊन या माणसाच्या डोक्यातच घालावी.

नंदुरबारला परत आलो. रविवार आला. मी सकाळपासून शेठशी बोलले नाही, चहाही आदळून ठेवला. बाजाराला टेम्पोची गोष्ट ठाऊकच होती, समोरचे दुकानदार उगाच पायरीवर येऊन बसलेले. खरोखरच टेम्पो आला. गिरधरभाऊ उतरले, तोच रुमाल डोक्याला. शब्दाचे पक्के तेही. वर कामिनी नकाशा भिंतीवरून उतरवत होती. मला म्हणाली, "काकी, नाराज होऊ नका. शब्द म्हणजे शब्द." आणि नकाशाची गुंडाळी करायला लागली.

गिरधरभाऊ गल्ल्यासमोर उभे राहून म्हणाले, "शेठ, टेबल लई जास. पोरनी तरास दिन्हा, माफी करा."

शेठ गादीवरून उठले. हे कधी घडत नाही. गिऱ्हाईक कलेक्टर असला तरी ते उठत नाहीत. धोतराचा सोगा सावरला आणि पाटलांना म्हणाले, "पहिल्या दिवशी मी उपाशी राहिलो, तेव्हा तो फोन मी केला. नंतरचा फोन करायला मला लाज वाटली, म्हणून तुम्हाला इथवर यावं लागलं. आता समोर सांगतो. पृथ्वीच्या पार पलीकडे दिवस बुडत होता, आणि एका बाईनं आम्हाला दारात उभं केलं नव्हतं. माझ्या नावावर दार उघडलं नाही, पैशावर उघडलं नाही. तुमच्या पोरीनं तुमचा फोटो दाखवला, पाटील. तुमच्या घडाकडे बघून त्या बाईनं फाटक उघडलं. माझा नेम तुमच्या पोरीनं आणि तुमच्या केळीनं राखला."

गिरधरभाऊंनी डोक्याचा रुमाल काढला, परत बांधला. मग हळूच विचारलं, "मन्हा फोटो? तठे?" आणि जरा थांबून, "ती बाई काय बोलनी घड देखीसन?"

कामिनी जिन्यात उभी होती, नकाशाची गुंडाळी छातीशी धरून. म्हणाली, "आप्पा, ती म्हणाली, हा माणूस आपल्यातलाच आहे."

गिरधरभाऊ रडले. भर बाजारात, एवढा उंचापुरा गुजर पाटील, रुमालात तोंड घालून. मीही रडले, आणि खोटं कशाला सांगू, शेठनीही चष्मा पुसला.

मग शेठनी दुकानातल्या माणसाला शिडी आणायला सांगितली. जिन्यातली पाटी काढून दुकानाच्या वर लावायला सांगितली, शेठच्या पाटीच्या बरोबर शेजारी. त्यांचं नाव थोडं डावीकडे सरकवावं लागलं. कामिनी नकाशा घेऊन परत वर गेली.

टेम्पोचं काय, विचारता? तो रिकामा नाही गेला. शेठ चपला घालून पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले आणि गिरधरभाऊंना म्हणाले, "चला पाटील, मळा दाखवा तुमचा. जन्मभर केळी खाल्ली, झाड नीट बघितलं नाही." मी धावत बाहेर आले, ओरडले, "अहो, आणि जेवण?"

शेठनी आभाळाकडे बघितलं, मग वर खिडकीतल्या कामिनीकडे, आणि म्हणाले, "दिवस मावळायला पुष्कळ वेळ आहे. विचार हिला."